धोंड्याचा महिना आणि बजेटमधला एक रकाना

गुरुजींच्या माळ्यावर पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात तेवीस वह्या होत्या. काही शाळेच्या हजेरीपटाच्या उरलेल्या, काही सहकारी पतपेढीच्या दिवाळी भेट आलेल्या डायऱ्या. साताऱ्याच्या पश्चिमेला, सड्यांच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळी पठारांच्या मुलखात गुरुजींनी जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली. घरापासून शाळेपर्यंतची वाट सड्यावरून जायची. जाता-येता जे दिसलं ते रात्री कंदिलाच्या, पुढे बल्बच्या उजेडात लिहायचं, असा तीस वर्षांचा शिरस्ता. मी पहिल्यांदा उघडलेल्या पानावर निळ्या शाईत लिहिलं होतं, "भाद्रपद शु. ७. सकाळी सड्यावर. सोनकी लागली. तेरडा भरात. कारवी नाही."

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. ते पान वाचून मी ट्रंकेपाशीच खाली बसले. "कारवी नाही" या दोन शब्दांची किंमत मला कळत होती.

कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि बी धरून मरते. मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ साली फुलली. पीएचडी पाच वर्षांची, संशोधन प्रकल्प बहुतेक तीन वर्षांचा. म्हणजे एखाद्या संशोधकाचा अख्खा प्रकल्प संपेल आणि कारवी एकदाही फुललेली नसेल. बहर पुढे-मागे सरकतोय का, पाऊस लांबला की काय होतं, हे बघायचं तर तीस-चाळीस वर्षांच्या सलग नोंदी लागतात, आणि त्या असल्या तर अशाच ट्रंकांमध्ये असतात. ट्रंकेत वाळवी लागली की संपलं.

आमचा गट तेव्हा अकरा जणांचा होता: तीन शिक्षक, एक निवृत्त वनरक्षक, एक पोस्टमन दादा, माझे काही माजी विद्यार्थी आणि दोघी गृहिणी. या दोघींना रानभाज्यांची जितकी ओळख आहे तितकी मला अजून नाही. गटाची कुठे नोंदणी नव्हती. आम्ही ठरवलं की या वह्या आणि अशा आणखी जिथे सापडतील तिथल्या, जगातल्या कुणालाही शोधता, वाचता आणि वापरता येतील अशा करायच्या. २०१६ साली शास्त्रज्ञांच्या एका मोठ्या गटाने यासाठी चार कसोट्या मांडल्या, त्यांना 'फेअर' म्हणतात. विदा, म्हणजे डेटा, सापडली पाहिजे, मिळाली पाहिजे, दुसऱ्या विदेबरोबर जुळली पाहिजे आणि पुन्हा वापरता आली पाहिजे. सजीवांच्या नोंदींसाठी जीबिफ हे जागतिक भांडार २००१ पासून आहे, त्याचं सचिवालय कोपनहेगनला. नोंद कुठल्या रकान्यात कशी भरायची याचा 'डार्विन कोअर' नावाचा ठरलेला नमुनाही आहे. आम्हाला वाटलं, आता उरलं काय? टायपिंग. त्यासाठी थोडे पैसे.

पहिला अर्ज परत आला. शेरा एका ओळीचा होता: प्रस्तावात नवीन माहिती गोळा केली जाणार नाही, त्यामुळे संशोधन म्हणून विचार करता येत नाही. मला त्या रात्री झोप लागली नाही. तीस वर्षं एक माणूस उन्हापावसात चालून नोंदी करतो आणि त्या वाचण्याजोग्या करणं म्हणजे संशोधन नाही? नव्याने जाऊन एका पावसाळ्याच्या नोंदी आणल्या असत्या तर पैसे मिळाले असते. हा विचार आपल्याकडे फार खोल मुरलेला आहे. नवी विहीर खणायला अनुदान मिळतं, जुनीतला गाळ काढायला मिळत नाही.

दुसरा अर्ज परदेशातल्या एका फाउंडेशनकडे. त्यांना कल्पना मनापासून आवडली, दोनदा व्हिडिओ कॉल झाले, तत्त्वतः होकारही आला. मग एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवरचा कायदा, आडवा आला. परदेशी देणगी घ्यायची तर संस्था नोंदलेली हवी, किमान तीन वर्षं जुनी हवी, आणि त्या तीन वर्षांत आपल्या कामावर पंधरा लाख रुपये खर्च केल्याचा हिशेब हवा. वर दिल्लीला स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. पूर्वी अशा वेळी परवानगी असलेली मोठी संस्था पैसे घेऊन छोट्या गटाला पुढे द्यायची. २०२० च्या दुरुस्तीने तेही बंद झालं, एकीने घेतलेली परदेशी देणगी दुसरीकडे वळती करता येत नाही. फाउंडेशनच्या बाईंनी हळहळून पत्र लिहिलं. नियमामागची कारणं असतील, पण त्याचा भार सगळ्यात जास्त आमच्यासारख्या, कुठल्याही कागदावर नसलेल्या माणसांवर पडतो.

तिसऱ्या खेपेला एका कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या विभागाकडे गेलो. त्यांनी विचारलं, लाभार्थी किती? त्यांच्या फॉर्ममध्ये तो आकडा भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. मग म्हणाले, वह्यांचं राहू द्या, आपण ॲप करू, लोक फोटो टाकतील, उद्घाटन करता येईल. ॲप वाईट नसतं. पण ॲपमध्ये १९९३ साल कुठून येणार? आम्ही नम्रपणे नाही म्हणून निघालो.

त्यानंतर मी गटाला म्हटलं, पैसे येतील तेव्हा येतील, एक वही आपण आपली करून बघू. निदान किती वेळ लागतो ते तरी कळेल. २०१२ ची वही घेतली, कारण अक्षर सुवाच्य होतं. रविवारी गुरुजींच्या पडवीत बसलो. माझा एक विद्यार्थी लॅपटॉपवर, मी वाचून दाखवतेय, गुरुजी आरामखुर्चीत. तिथीवरून तारीख काढायला पंचांग मांडीवर. तासाभरात दोन पानं झाली आणि सोनकीपाशी अडलो. पुन्हा तेच: "भाद्रपद शु. ७. सोनकी लागली."

२०१२ साली भाद्रपद दोन होते. आधी अधिक, मग निज. अधिकातली सप्तमी धरली तर ऑगस्टचा चौथा आठवडा येतो, निजातली धरली तर सप्टेंबरचा. मध्ये तब्बल एक महिना. सोनकीचा पहिला बहर महिन्याने इकडे-तिकडे झाला तर त्यावरून काढलेला प्रत्येक निष्कर्ष चुकणार, आणि ती चूक पुढे कुणाला कधी दिसणारही नाही, कारण तक्त्यात तारीख कशी अगदी नीटनेटकी दिसते. गुरुजींनी महिन्यापुढे 'अधिक' लिहिलं नव्हतं. त्यांना आठवेना. मुलगा म्हणाला, "मॅडम, रकाना रिकामा ठेवू?"

काकू आतून ताक घेऊन आल्या होत्या. त्या दारातच थांबल्या. म्हणाल्या, "सोनकी ना? अहो, ते धोंड्याचं साल. थोरलीचं लग्न नुकतंच झालेलं. जावई धोंड्याला आले होते, अनरसे केले होते मी. जेवण झाल्यावर हे त्यांना सड्यावर घेऊन गेले आणि येताना सोनकीचा तुरा घेऊन आले. मी ओरडले, कशाला तोडला म्हणून."

गुरुजी खुर्चीत सरळ झाले. "बरोबर आहे. चप्पल तुटली होती त्यांची."

धोंड्याला जावई म्हणजे अधिक मास. म्हणजे ऑगस्ट. एवढ्यावर न थांबता आम्ही पुढची पानं चाळली. काही दिवसांनंतरच्या नोंदीत "उत्तरा लागल्या, पाऊस नाही" होतं. पावसाची नक्षत्रं सूर्यावर चालतात, तिथीवर नाही, त्यामुळे उत्तरा दरवर्षी सप्टेंबरच्या १३ तारखेच्या आसपासच लागतात. सोनकीची नोंद त्याच्या आधीच्या पानांवर होती. काकूंचं म्हणणं वहीनेच पक्कं केलं. मुलाने तारीख भरली आणि शेऱ्याच्या रकान्यात तिथी जशीच्या तशी, आणि तारीख कशी ठरवली तेही लिहिलं.

त्या दिवशी आमच्या हातून जेमतेम चार पानं झाली. पण घरी येताना गाडीत माझ्या डोक्यात अर्ज नव्याने तयार झाला होता. इतके दिवस मी अर्जात चुकीचंच मागत होते. स्कॅनर, लॅपटॉप, टायपिंगचे पानामागे इतके रुपये. खरं काम टायपिंगचं नव्हतंच. खरं काम होतं ते लिहिणारा माणूस, त्याच्या घरातली माणसं, ती वनस्पती ओळखणारं कुणीतरी आणि रकाने जाणणारं कुणीतरी, यांना एका पडवीत पुरेसा वेळ एकत्र बसवणं. त्यालाच पैसे लागतात. एसटीचं भाडं, जेवण, रोज बुडवून येणाऱ्या माणसाला त्याच्या दिवसाचं मोल. अनुदानाच्या भाषेत याला 'किरकोळ' किंवा 'प्रशासकीय खर्च' म्हणतात आणि पहिली कात्री तिथेच लागते.

चौथा अर्ज पुण्यातल्या एका जुन्या कौटुंबिक ट्रस्टकडे केला. चार लाख ऐंशी हजार मागितले. बजेटमध्ये 'नोंदकर्त्यांसोबत बैठका' असा स्वतंत्र रकाना केला आणि जवळपास निम्मी रक्कम त्यात टाकली. मुलाखतीला ट्रस्टच्या एक विश्वस्त होत्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "टायपिंगला एवढे आणि बैठकांना त्याच्या दुप्पट? उलटं नको का?"

मी पिशवीतून २०१२ ची वही काढून त्यांच्यापुढे ठेवली आणि धोंड्याची गोष्ट सांगितली. त्यांनी पान स्वतः वाचलं. मग म्हणाल्या, "आमच्याकडे खात्यात नाव चुकलं तर दुरुस्त करता येतं. साल चुकलं की व्याजच चुकतं, आणि ते वर्षानुवर्षं चुकत जातं." रक्कम मंजूर झाली. स्कॅनर मात्र कापला, मोबाईलवर फोटो काढा म्हणाल्या. योग्यच होतं ते, फोटो उत्तम आले.

पुढचे चौदा महिने आम्ही दर दुसऱ्या रविवारी बसलो. सगळं सांगत बसत नाही, पण काही गोष्टी सांगायलाच हव्यात.

पहिली, "नाही" ची. सुरुवातीला टायपिंग करणाऱ्या मुलीने "कारवी नाही", "आज सड्यावर काही नाही" अशा ओळी सोडून दिल्या होत्या. तिला वाटलं, यात माहितीच कुठे आहे? चूक तिची नव्हती, मी तिला समजावून सांगितलंच नव्हतं. गेलो, बघितलं आणि दिसलं नाही, ही एक गोष्ट. गेलोच नाही, ही दुसरी. डार्विन कोअरमध्ये यासाठी 'आढळ' आणि 'अनाढळ' असा भेद करता येतो. आठ वर्षांच्या बहराचं गणित मांडणाऱ्याला मधल्या सात वर्षांतले "नाही" फुललेल्या वर्षाइतकेच हवे असतात. त्या सगळ्या ओळी आम्ही परत जाऊन भरल्या. पोस्टमन दादांच्या वहीत तर "पावसामुळे सड्यावर गेलो नाही" असंही प्रामाणिकपणे लिहिलेलं होतं. तो दिवस रिकामाच राहिला.

दुसरी, कारवी कुठली? गुरुजींची कारवी म्हणजे उंच, कुडाच्या भिंतींना वापरतात ती. पण खालच्या वाडीतल्या एका आजोबांच्या वहीत 'कारवी' म्हणजे सड्यावरची बुटकी, टोपली पालथी घातल्यासारखी दिसणारी, जिला आम्ही टोपली कारवी म्हणतो. वनरक्षक काका आणखी तिसऱ्याच झुडपाला, वायटीला, कधीकधी कारवीत धरत. तिन्ही बहिणी-बहिणी, पण फुलण्याचं चक्र प्रत्येकीचं वेगळं. एक ओळखपट्टी लावून मोकळं झालो असतो तर तीन निरनिराळ्या वनस्पतींचं मिळून एक खोटं चक्र तयार झालं असतं. सगळ्यांना घेऊन सड्यावर गेलो, प्रत्येकाने बोट दाखवून "ही माझी कारवी" म्हटलं, आणि वहीगणिक अर्थ ठरला. मूळ शब्द वेगळ्या रकान्यात तसाच ठेवला, म्हणजे उद्या आमचं चुकलं असेल तर कुणाला तरी पुन्हा तपासता येईल.

(तारखांचा आणखी एक ताप म्हणजे एक्सेल. ३/४ लिहिलं की ते मार्च की एप्रिल हे स्वतःच ठरवतं. मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीलाही २०२० साली काही जनुकांची नावं बदलावी लागली, कारण एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकत होतं. आम्ही वर्ष, महिना, दिवस तीन वेगळ्या रकान्यांत भरले.)

तिसरी गोष्ट ठिकाणांची, आणि तिथे आमच्यात खरे मतभेद झाले. गुरुजींच्या वह्यांत काही ऑर्किडांच्या आणि कंदिलपुष्पांच्या जागा होत्या, अगदी "पिंपळाच्या वरच्या कातळात, डावीकडे" इतक्या नेमक्या. विदा खुली करायची म्हणजे ही जागा सगळ्या जगाला सांगायची? उपटून नेणारेही वाचतातच. वनरक्षक काका म्हणाले, "मॅडम, हे टाकलंत तर पुढच्या वर्षी त्या कातळावर फक्त भोकं दिसतील." माझा विद्यार्थी म्हणाला, लपवायचंच असेल तर मग खुली विदा कशाला म्हणायची? दोघांचंही मला पटत होतं. यावर जगभर विचार झालेला आहे. अशा नोंदी पूर्ण झाकायच्या नाहीत, पण अक्षांश-रेखांशाचं दशांशानंतरचं एकच स्थळ ठेवायचं, म्हणजे साधारण दहा-अकरा किलोमीटरचा चौकोन राहतो, आणि जागा मुद्दाम ढोबळ केली आहे हे तिथेच नमूद करायचं. मूळ नोंद गटाकडे. आम्ही तसंच केलं. त्या बैठकीला संध्याकाळचे सात वाजले, आणि सगळ्यांच्या जेवणाचा खर्च 'बैठका' या रकान्यातून गेला. तो रकाना नसता तर चार वाजता शेवटच्या एसटीसाठी अर्धी माणसं उठली असती आणि निर्णय मी एकटीने घेतला असता. तो चुकला असता.

परवान्यापाशी गुरुजींनी मला थांबवलं. जीबिफवर टाकताना तीन परवान्यांपैकी एक निवडावा लागतो: कोणतीच अट नाही, फक्त श्रेय द्या, किंवा श्रेय द्या आणि व्यापारी वापर नको. मी वाचून दाखवलं. गुरुजींनी विचारलं, "पहिल्यात माझं नाव राहील का?" कायद्याने तरी सक्ती नाही, म्हटलं. "मग दुसरा. पैसे कुणी कमावले तर कमावू देत, पाठ्यपुस्तकात छापलं तर चांगलंच आहे. पण हे मी पायाने लिहिलंय." तोच परवाना घेतला. आमच्या नोंदणी नसलेल्या गटाला थेट प्रकाशक होता येत नव्हतं, त्यामुळे एका शैक्षणिक संस्थेच्या नावाने संच प्रकाशित झाला. पण प्रत्येक ओळीत 'नोंदवणारा' या रकान्यात त्या-त्या माणसाचं नाव आहे. तो आग्रह गटाने शेवटपर्यंत सोडला नाही.

३१ मार्चला अनुदान संपलं. उपयोगिता प्रमाणपत्रावर सीएची सही झाली, उरलेले काही हजार परत केले. आणि मला सगळ्यात जास्त बोचतं ते इथे. विदा प्रकाशित झाली म्हणजे काम संपलं असं अनुदान देणारे धरून चालतात. खरं तर त्याच दिवशी ती वापरायला सुरुवात होते. प्रश्न येतात, चुका सापडतात, नवी वही मिळते. उत्तर देणाऱ्या माणसाचा वेळ कुठल्याच बजेटमध्ये नसतो. पुढच्या अर्जात मी तीन वर्षांसाठी फक्त एका अर्धवेळ माणसाचं मानधन मागितलंय, दुसरं काही नाही. उत्तर अजून आलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या राज्यातल्या एका संशोधक मुलीची ईमेल आली. ती सोनकीच्या बहराचा अभ्यास करते. आमच्या संचातली एक ओळ तिला खटकली होती. १९९३ सालची, बाकी सगळ्या वर्षांपेक्षा सोनकी फार लवकर दाखवणारी. ते सालही अधिक भाद्रपदाचं. मला वाटलं पुन्हा तोच घोळ. मी ओळीचा क्रमांक बघून वहीच्या पानाचा फोटो उघडला आणि गुरुजींकडे गेले.

त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघितला. मग बोटाने पानावरचं 'स' दाखवलं.

"हे अक्षर माझं नाही. माझा 'स' असा मोडत नाही. मी तेव्हा ट्रेनिंगला साताऱ्यात होतो, महिनाभर. धाकट्या भावाला सांगून गेलो होतो, वही चालू ठेव म्हणून." थोडं थांबून म्हणाले, "त्याने तेरड्यालाच सोनकी म्हटलं असेल की काय, सांगता येत नाही. त्याला विचारायला तो आता नाही. पण नाव त्याचं घाला."

रात्री त्या महिन्याच्या सतरा ओळींमध्ये नोंदवणाऱ्याचं नाव बदललं. सोनकीच्या ओळीपुढे 'ओळख अनिश्चित' लिहिलं, संचाची नवी आवृत्ती टाकली आणि त्या मुलीला कळवलं. तिचं उत्तर सकाळी आलं. तिने विचारलं होतं, धाकट्या भावाच्या हातच्या आणखी नोंदी कुठल्या वर्षांत आहेत? रविवारी पुन्हा ट्रंक उघडायची आहे.